अण्णांचं ‘फायनल’

यशवंतअण्णांचे किस्से आम्ही जमवले नाहीत बाप्पा, ते आपोआप साचत गेले. बंगळुरात हेब्बाळच्या मैदानावर रविवारची मॅच संपली, चार जण कॉफीला टेकले की कोणीतरी म्हणतंच, “अबे, अण्णांचं ते आठवतं का?” मग दुसऱ्याला आणखी एक आठवतो, आणि घरून फोन येईपर्यंत कोणी हलत नाही.

आम्ही सगळे आयटीवाले. मी नागपूरचा, विकेटकीपर. कॅप्टन निखिल पुण्याचा. अण्णा मात्र इथल्याच चामराजपेटचे. घराणं मराठी, पण कैक पिढ्या बंगळुरातच गेलेल्या. शाळेत पीटीचे मास्तर होते, रिटायर झाल्यावर आमचे अंपायर झाले.

आमच्या ऑफिसात ‘फायनल’ या शब्दाला काडीची किंमत नाही. मॅनेजर म्हणतो, “हे फायनल, पण जरा ओपन ठेवू या.” दुपारी आणखी एक फायनल येतं. त्यामुळे पहिल्याच मॅचला अण्णांनी निखिलला कॅचआऊट दिलं, तेव्हा तो सवयीनं म्हणाला, “अण्णा, पाच मिनिटं डिस्कस करू या का?”

“कर की! तिकडे झाडाखाली बसून कर,” अण्णा म्हणाले. “इथलं फायनल.”

* * *

एकदा आमच्यातल्या एकानं मोबाईलवर शूटिंग केलं. निखिलला रनआऊट दिलं होतं आणि व्हिडिओत त्याची बॅट चक्क क्रीजच्या आत होती. मॅच सुरू असतानाच निखिल तो फोन घेऊन अण्णांकडे गेला.

अण्णांनी चष्मा पुसला. व्हिडिओ पाहिला, परत लावायला सांगितला, परत पाहिला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “माझी चूक झाली. निखिल नॉटआऊट होता. माफ कर, मगा.” मगा म्हणजे त्यांच्या कन्नडमिश्रित मराठीत पोरा.

निखिल खूश! हेल्मेट चढवून निघाला पिचकडे.

“कुठे चाललास?”

“नॉटआऊट ना मी?”

“चूक माझी आहे, ती मी कबूल केली. पण तू आऊट. फायनल म्हणजे बरोबर नव्हे रे. फायनल म्हणजे संपलं.”

निखिल मुकाट्यानं परत आला. चूक कबूल करणारी माणसं पाहिली होती, निर्णयावर ठाम राहणारीही पाहिली होती. एकाच श्वासात दोन्ही करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. आपण तर हातच जोडले!

* * *

आमच्या कंपनीचे एक मोठे साहेब एकदा हौसेनं खेळायला आले. कोरे बूट, कोरी बॅट. पहिल्याच बॉलला एलबीडब्ल्यू! अण्णांचं बोट वर.

साहेब जागचे हलेनात. “मी कोण आहे, माहीत आहे का तुम्हाला?”

“ते स्कोअररला सांगा,” अण्णा म्हणाले. “नावं तो लिहितो.”

आम्ही हसू दाबता दाबता बेजार. साहेब परत कधी आले नाहीत, आणि आमचं अप्रेझल कसं झालं ते विचारू नका.

* * *

अण्णांच्या घरी उप्पिट्टू, म्हणजे आपला उपमा, खायला गेलो होतो. सुमनअक्का, त्यांच्या पत्नी, वाढत होत्या. अण्णांनी हळूच ताट पुढे केलं, “स्वल्प तूप?”

“डॉक्टरांनी नाही म्हटलंय.” अक्कांनी तुपाची वाटी उचलली आणि आत नेली.

मी म्हटलं, “अण्णा, घरी फायनल कोणाचं?”

“घरी मी फक्त अपील करतो!”

* * *

मागच्या वर्षी अण्णांची नजर कमी झाली. आम्हाला कळत होतं. वाइड बॉलला हात उशिरा पसरायचे, बॉल कुठे गेला ते आमच्या माना कुठे वळतात त्यावरून ओळखायचे. पण सांगणार कोण? शनिवारीच पांढरा कोट इस्त्री करून खुंटीला लावणारा माणूस तो. त्यांचा रविवार काढून घ्यायचा? आमच्यापैकी कोणाची छाती नव्हती. आणि खरं सांगतो, दुसऱ्या कोणाच्या बोटावर आमचा विश्वासही बसला नसता.

त्या रविवारी आमच्याच दोन टीम भिडल्या होत्या. मॅच अटीतटीची. निखिल बॅटिंगला, मी समोरच्या टीमकडून कीपिंगला. बॉल त्याच्या बॅटला चाटून माझ्या ग्लोव्हजमध्ये आला. आवाज स्वच्छ! आम्ही सगळे जिवाच्या आकांतानं ओरडलो.

अण्णांनी मान हलवली.

“नॉटआऊट.”

पण निखिलनंच बॅट काखेत मारली. “अण्णा, लागला होता मला. मी जातो.”

“थांब तू. मला दिसलं नाही, म्हणून नॉटआऊट. ते फायनल.” मग आमच्याकडे वळून म्हणाले, “या ओव्हरचा एकही बॉल मला दिसलेला नाही.”

मी पुढे होऊन म्हटलं, “अण्णा, चालतं हो! तुम्ही द्याल ते आम्हाला मान्य आहे.”

“म्हणूनच,” अण्णा म्हणाले.

मग त्यांनी बोट वर केलं. नेहमीसारखं, सरळ, सावकाश. कोणी अपील केलं नव्हतं, आणि निखिल तर नॉटआऊटच होता. टोपी काढून त्यांनी काखेत धरली, आणि आऊट झालेला बॅट्समन जातो तसे, मागे न बघता, बाउंड्रीकडे चालू लागले.