वंदनाच्या गळ्यातलं आयोडीन

मी किरणोत्सार मोजायचं मीटर सुरू केलं. ते टिकटिक वाजायला लागलं आणि वंदना खुर्चीवरून उठून थेट अंगणाच्या टोकाला जाऊन उभी राहिली.

"पाह्यलं ना मॅडम? वाजून राह्यलं," ती तिथूनच म्हणाली. "मी सांगत होती, माह्या अंगात हाये अजून."

मी नागपूरच्या एका हॉस्पिटलात रेडिएशन सेफ्टी ऑफिसर आहे. किरणोत्सारी औषधांचा पेशंटच्या घरच्यांना आणि आमच्या स्टाफला त्रास होऊ नये, हे बघणं माझं काम. वंदनाला थायरॉइडचा कॅन्सर होता. ऑपरेशननंतर मागे राहिलेल्या पेशी मारायला आम्ही तिला किरणोत्सारी आयोडीन दिलं होतं. थायरॉइडच्या पेशी ते ओढून घेतात. तिथे आयोडीनच्या अणूतून बीटा कण सुटतो. बीटा म्हणजे अणुकेंद्रातून बाहेर पडलेला इलेक्ट्रॉन. तो जेमतेम एक-दोन मिलिमीटर जातो, आसपासच्या पेशी मारतो आणि तिथेच थांबतो. सोबत गॅमा किरण निघतात, ते मात्र शरीराबाहेर येतात. म्हणून थोडे दिवस लेकरांपासून लांब राहायचं. आयोडीन दर आठ दिवसांनी निम्मं होतं, शिवाय लघवीवाटे जातं ते वेगळंच.

वंदनाची लांब राहायची मुदत केव्हाच संपली होती. तरी कामरगावहून तिच्या नवऱ्याचे, प्रकाशचे, फोन येत होते. तो जीप चालवतो. वंदना मागच्या खोलीतच राहते, लहान लेकीला, परीला, आत येऊ देत नाही, असं त्याचं म्हणणं.

आमचे साहेब म्हणाले, "फोनवर समजवा."

"समजावलं, सर. ती हो म्हणते आणि परत मागच्या खोलीत जाते."

"मग मीटर घेऊन जा. सोमवारी परत पाहिजे."

मला वाटलं होतं, घरचेच तिला लांब ठेवत असतील. तसं नव्हतं. सासू मुद्दाम तिच्या गिलासातून पाणी प्यायची. मी पोचल्या पोचल्या म्हातारीने सांगितलं, "माह्या सासऱ्याले गावानं लांबूनच, वरून ओंजळीत पाणी वाढलं, बाई. माह्या घरात कोणाचा गिलास येगळा राह्यनार नाही." ऐकत नव्हती ती वंदनाच.

आता मीटर वाजल्यावर तिची खात्रीच पटली. मी सांगितलं की मीटर कधीच गप्प बसत नाही. माती, विटा, आभाळ, आपलं शरीर, सगळीकडून थोडे किरण येतच असतात. तिला ते पटेना. शेवटी मी मीटर तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, तुम्हीच फिरा.

ती लिंबाच्या झाडाखाली गेली, तिथे वाजलं. भिंतीपाशी वाजलं. प्रकाशच्या छातीपाशीही वाजलं. स्वयंपाकघरात तांबड्या ग्रॅनाइटचा नवा ओटा होता, तिथे टिकटिक वाढली. मग तिने ते स्वतःच्या गळ्याशी धरलं आणि बराच वेळ काट्याकडे बघत राहिली.

"ओट्याचंच जास्त हाये," ती म्हणाली.

"हो."

"अन् त्याच ओट्यावर मी आधी रोज पोया लाटत होती."

ग्रॅनाइटच्या दगडात मुळातच थोडं युरेनियम असतं, त्या ओट्यालाही भ्यायचं कारण नाही, हे मी घाईघाईने सांगितलं. पहिल्यांदा सासू हसली, मग प्रकाश.

वंदनाने हात धुतले आणि परीला हाक मारली. पोरगी पळत आली आणि सवयीने उंबऱ्याबाहेर थांबली.

"इथूनच ना, आई?"

 वंदना उंबरा ओलांडून गेली आणि तिने लेकीला उचललं. मी मीटर बंद करून बॅगेत ठेवलं आणि उगाच बॅगेची चेन लावत बसले.

पुढच्या स्कॅनमध्ये वंदनाचा गळा स्वच्छ आला. हॉस्पिटलात मी एक बदल केला. पूर्वी पेशंटला घरी सोडताना लांब कसं राहायचं, ते आम्ही नीट समजवायचो. आता लेकराला कोणत्या दिवशी कडेवर घ्यायचं, तेही सांगते.