ही बाई कोण? पिंपळगाव, हरसूल आणि नाशिकचं कोर्ट

हे लिहिण्याचं कारण सरळ सांगते. आमच्या गल्लीतल्या एका मुलीचा परदेशातला प्रवेश या वर्षी नावावरून अडकला. मुलगी हुशार आहे, पैशांची सोयही झाली होती. पण पैसे आईच्या ज्या नावावर होते ते नाव मुलीच्या पासपोर्टवर नव्हतं. आई माझ्याकडे आली तेव्हा मुदत उलटून गेली होती. रडून झाल्यावर ती म्हणाली, "तुमचंही असंच झालं होतं ना? मग आधी का नाही सांगितलंत?"

बरोबर आहे तिचं. चार वर्षांपूर्वी, २००५ च्या मे महिन्यात, मी याच खड्ड्यात पडले होते आणि माझ्या माणसांनी मला वर ओढलं. त्या दोन दिवसांच्या प्रवासाची ही हकीकत. ज्यांच्या घरात बारावीचं मूल आहे त्यांनी नीट वाचावी.

मुक्ता ही माझी एकुलती एक मुलगी. तिला गणितात पदवी घ्यायची होती आणि अमेरिकेतल्या एका लहानशा कॉलेजानं तिला अर्धी फी माफ करून प्रवेश दिला होता. उरलेल्या खर्चाची तरतूद आम्ही दाखवायची होती. मी घरी गणिताच्या शिकवण्या घेते, तेव्हा अंदाजपत्रक मीच केलं. लोक नुसती फी धरतात आणि मग घाबरे होतात. राहणं, जेवण, आरोग्य विमा, पुस्तकं, विमानाचं तिकीट, व्हिसाचा खर्च, थंडीचे कपडे, सुट्टीत वसतिगृह बंद झालं की दुसरीकडे राहण्याची सोय, हे सगळं त्याच बेरजेत येतं. डॉलरचा भाव आजचा धरू नका, दोन-तीन रुपये चढा धरा. फी दर वर्षी वाढते, त्यामुळे पहिल्या वर्षाला चारने गुणून मोकळे होऊ नका. आणि मुलगी तिथं काम करून कमावेल तो पैसा जमेत लिहूच नका. मिळाला तर तिच्या हातखर्चाला होईल.

आमची जमेची बाजू तीन ठिकाणी होती. मुक्ताचे वडील सातपूरला कारखान्यात आहेत, त्यांच्या भविष्यनिर्वाह निधीतून काही रक्कम निघणार होती. काही बँकेचं शैक्षणिक कर्ज. आणि तिसरी, सगळ्यात मोठी, पिंपळगाव बसवंतच्या बँकेतली माझी मुदत ठेव. आमचे वडील गेल्यावर थोरल्या भावानं, अण्णानं, हायवेलगतचा जमिनीचा तुकडा एका कोल्ड स्टोरेजवाल्याला विकला. बहिणीकडून हक्कसोड लिहून घ्यायची आपल्याकडची रीत. अण्णानं ती मोडली आणि माझा हिस्सा माझ्या नावावर बँकेत ठेवला.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात मुक्ता कॉलेज रोडच्या सायबर कॅफेतून आली ती चपला न काढताच स्वयंपाकघरात.

"आई, कॉलेज विचारतंय, ही यमुना कोण?"

मीच यमुना. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, सगळ्यांनी वाकून वाचायचं आणि पेढे खायचे. माझं यमुनाचं मीनाक्षी झालं ते असं. रेशनकार्डावर, मतदारयादीत, मुक्ताच्या पासपोर्टवर मी मीनाक्षी. वडिलांच्या सातबाऱ्यावर आणि म्हणून त्या ठेवीवर मी यमुना. नोकरी केली असती तर या दोन बायकांची गाठ कुठल्या तरी कार्यालयात कधीच पडली असती. लग्नाची नोंदणी आमच्या वेळी कोणी करत नसे.

"मग ते तांदूळ कुठे आहेत?" मुक्तानं विचारलं.

"शिजवले असतील."

"म्हणजे पुरावा आपण खाल्ला."

कॉलेजनं सोमवारपर्यंतची मुदत दिली होती. दोन्ही नावांची बाई एकच असल्याचा कागद गेला नाही, तर ठेव मोजणार नव्हते, आणि ठेवीशिवाय आमची बेरीज जमत नव्हती. जागा दुसऱ्या कोणाला गेली असती.

गुरुवारी सकाळी आम्ही नाशिकच्या द्वारका चौकातून एसटी पकडली. तिकीट माणशी वीसेक रुपये. ओझर सोडलं की दोन्ही बाजूंना द्राक्षबागा लागतात. मे महिन्यात त्या छाटून बोडक्या झालेल्या असतात, त्यामुळे फोटो काढायला येणार असाल तर जानेवारी-फेब्रुवारीत या. पिंपळगावच्या अलीकडेच गाडी थांबली. उन्हाळी कांद्याचे ट्रॅक्टर बाजार समितीपर्यंत रांगेत उभे होते. उरलेलं अंतर आम्ही चालत गेलो. हवेत कांद्याचा वास इतका की मुक्ताचे डोळे पाणावले, निदान तिनं कारण तेच सांगितलं.

अण्णा बँकेच्या पायरीवर बसला होता.

"यमे, मला काय ठावं तुझं दुसरं नाव घालायचं म्हणून! लहानपणापासून यमी म्हणून हाक मारतोय. तुझ्या लग्नात मी पंगतीला वाढत होतो, ताटात काय लिहिलं ते बघितलं पण नाय."

बँकेतल्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ठेवीवरचं नाव बदलायला राजपत्राचा उतारा लागतो आणि त्याला दोन महिने धरा, असं ते म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "नाव बदलू नका. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं नोटरीकडून प्रतिज्ञापत्र करून घ्या. मी बँकेच्या पत्रात त्याचा उल्लेख करतो." बँकेचा कोरा कागद त्यांनी तिथंच टाइपरायटरवर चढवला. खिडकीपलीकडच्या माणसानं एवढं करावं असा काही नियम नव्हता.

वहिनीनं जेवल्याशिवाय सोडलं नाही. शेवेची झणझणीत भाजी, बाजरीची भाकरी, वर आमरस. ज्यांना तिखट सोसत नाही त्यांनी पिंपळगावात शेवभाजी मागताना आधी सांगावं. नंतर सांगून उपयोग नाही.

परतताना आम्ही नाशिकला जुन्या सीबीएस बसस्थानकावर उतरलो. समोरच कोर्ट आहे. तिथं झाडाखाली टाइपिंगवाले आणि नोटरी बसतात. एका वयस्क वकिलांनी माझे कागद पाहिले आणि चष्मा कपाळावर चढवला.

"माहेरचा एक साक्षीदार हवा, सासरचा एक. दोघं तुम्हाला दोन्ही नावांनी ओळखणारे."

"माझे यजमान चालतील?"

"ते मुलीच्या खर्चाचे हमीदार आहेत. दुसरं कोणी आणा. उद्या चारच्या आत. शनिवार-रविवार मी गावाला जातोय."

माहेरचा अण्णा होताच. सासरचं कोण? सासू-सासरे गेले. उरली माझी थोरली नणंद, आक्का. तिला दिलंय हरसूलला. आमच्या दोघींचं कधी फार सूत नव्हतं. 'शिकलेली भाकरी थापील का,' हे वाक्य तिनं माझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी उच्चारलं होतं. फोनवर बोलावलं तर येणार नाही हे मला माहीत होतं. समोर जाऊन उभं राहायला हवं होतं.

शुक्रवारी पहाटेच्या गाडीनं निघालो. गिरणाऱ्यापर्यंत टोमॅटोची शेतं दिसतात, मग वाघेऱ्याचा घाट लागतो. रस्ता अरुंद आहे. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढच्या सीटवर बसावं आणि लिंबू जवळ ठेवावं. घाटात आंब्याखाली मुलं पडलेल्या कैऱ्या वेचत होती. एका बाईनं डोक्यावर बांबूच्या टोपल्यांची उतरंड घेऊन एसटीला हात केला, आणि कंडक्टरनं कुरकुर न करता आधी टोपल्यांना जागा केली.

हरसूलला पोचलो तर बाजाराचा दिवस. सुके बोंबील, दोर, फाळ, पावसाळ्यासाठी पानांची इरली. आक्का आपल्या लुगड्या-परकरांच्या पालाखाली बसली होती, समोर गिऱ्हाइकांचा घोळका.

"इतक्या वर्षांनी इकडं पाय लागले, आणि आलीस ती मला कोर्टात न्यायला?" सगळं ऐकून ती म्हणाली. गिऱ्हाइकं हसली. "आज नाय जमायचं. पेरणीआधीचा मोठा बाजार हाय. यावर माझे चार महिने निघतात."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मी घड्याळात पाहिलं. तेव्हा मुक्ता पालाखाली शिरून तिच्याशेजारी बसली आणि परकरांच्या घड्या घालायला लागली.

"आत्या, आईला मीनाक्षी नाव कोणी दिलं?"

"मी," आक्का म्हणाली. "ताट धरून मीच तर उभी होते. तुझा बाप घाबरलेला, मला विचारतो, काय लिहू? सातवीत माझ्या बाकावर एक मीनाक्षी होती. गणितात कायम पैली. मला शाळेतून काढली, ती पुढं गेली. म्हटलं, आपल्या घरात पण एक मीनाक्षी येऊ दे." मग तिनं एका परकराची घडी उलगडून पुन्हा घातली. "तू काय शिकायला जातीस गं?"

"गणित."

पंचवीस वर्षांच्या संसारात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी परतीच्या गाडीची वेळ विचारली.

आक्का उठली. "सखे!" तिनं पलीकडच्या भाजीवालीला हाक मारली. "पाल बघ गं जरा. परकर साठाच्या खाली देऊ नको. आणि त्या निळ्या लुगड्याला कोनी हात लावला तर आधी त्याचे हात धुवायला लाव."

एसटीला वेळ होता, म्हणून जीप घेतली. पुढं चौघं, मागं किती ते विचारू नका. मागच्यांपैकी दोन कोंबड्या होत्या. घाट उतरताना आक्कानं मुक्ताचा दंड घट्ट धरला होता आणि मला म्हणत होती, "तुझी पोरगी लय वाळलीय. तिकडं भाकरी मिळंल का?"

कोर्टात अण्णा दुपारपासून शेंगदाणे खात उभा होता. वकिलांनी आक्काला विचारलं, "या बाईंना तुम्ही ओळखता?"

"मीच नाव ठेवलंय हिला."

"दोन्ही नावांची बाई हीच?"

"यमुना म्हणून आली, मीनाक्षी म्हणून राह्यली. बाई एकच हाय. तोंड पन तेच."

"त्याची साक्ष मी देतो," अण्णा म्हणाला. "लहानपणापासून तेच तोंड हाय."

वकील हसले आणि शिक्का उचलला. आक्कानं सही केली. एकेक अक्षर सावकाश, पण सातवीतल्यासारखं गोल आणि सुबक. स्टॅम्प पेपर शंभराचा, टाइपिंगचे आणि नोटरीचे वेगळे. वकिलांनी जास्तीचा एक रुपया घेतला नाही. आक्काला मी जीपचं भाडं देऊ लागले तर तिनं माझा हात बाजूला सारला आणि मुक्ताकडे वळली.

"तुझ्या लग्नात नाव बदलू नको बाई. मला परत बाजार बुडवायला लावशील."

त्याच संध्याकाळी कागद स्कॅन करून कॉलेजला पाठवला. सोमवारी उत्तर आलं: मिळाला, पुरेसा आहे. कर्ज, व्हिसा, तिकीट ही पुढची कामं कष्टाची होती, पण सरळ.

ऑगस्टमध्ये मुक्ताला मुंबईच्या विमानतळावर सोडून आम्ही पहाटे घरी परतलो. स्वयंपाकघराच्या ओट्यावर आक्कानं पाठवलेले हरसूलचे तांदूळ होते. धान्य तिकडे नेऊ देत नाहीत, म्हणून ते मी ठेवून घेतले होते. त्या दिवशी त्यांचाच भात केला. अंदाजपत्रकात जमेच्या बाजूला मी तीन ठिकाणं लिहिली होती. बँकेतले साहेब, टोपल्यांना जागा देणारा कंडक्टर, झाडाखालचे वकील, पाल सांभाळणारी सखू, अण्णा आणि आक्का यांना रकाना नव्हता. मुक्ताची पदवी या वर्षी पुरी झाली. आक्का आता सणावारी आमच्याकडे येते, आणि माझ्या भाकरीला नावं ठेवूनच जाते.

विमानतळावर मुक्ताच्या हाती दिलं ते असं: पासपोर्ट आणि कॉलेजची पत्रं. प्रतिज्ञापत्राची मूळ प्रत. लहान कुकर, दोन शिट्ट्यांसह. अण्णाच्या बागेतले बेदाणे. वहिनीचा मसाला, तीन पिशव्यांत बांधून. आक्कानं दिलेलं निळं लुगडं, पांघरायला.

घेणार: मुक्ता.
देणार: यमुना ऊर्फ मीनाक्षी.