‘या’ म्हणायचं कोणी?

ओल्या चादरीचं एक टोक दोरीवर नि दुसरं मावशींच्या हातात, तेवढ्यात दाराची बेल वाजली.

आमच्या समोरच्या घरात भाड्याने आलेल्या या मावशी शिवणकाम करतात. फाटलेलं कोपर असं सांधतील की जुनं कुठलं नि नवं कुठलं, ओळखू यायचं नाही. देवाचं सगळं मनापासून. पण लहानपणी आत्याने डोक्यात भरवलेलं एक भय काही निघालं नव्हतं. रक्तपिशाच म्हणे उंबऱ्याबाहेर उभं राहतं आणि घरधन्याने ‘या’ म्हटलं तरच आत येतं. म्हणून मावशी जन्मात कोणाला ‘या’ म्हणाल्या नाहीत. "दार उघडं आहे," एवढंच म्हणायच्या. माणूस असेल तो येईल आपल्या पायांनी.

स्वतःच्या घरात हे निभलं. भाड्याच्या घरात घरधनी कोण? मालकीणबाई राहतात दुसरीकडे, त्यांना कधी पाहिलेलंही नाही. त्यांनी तिकडूनच कोणाला बोलावून ठेवलं असेल तर? त्यात मुलाने आगीत तेल ओतलं. "आई, मालकीणबाईंनी कर्ज काढून घेतलंय, अर्धं घर तर बँकेचं आहे." झालं! बँकेत दिवसभर ‘या, बसा’ चाललेलं असतं. सून बाळंत होऊन दवाखान्यात होती, आज घरी सोडणार होते. मावशींनी कालच मुलाला सांगून टाकलं, "तिला नातीला घेऊन माहेरीच जाऊ दे." सून रडून बेजार. तिला आपल्याच घरी यायचं होतं.

मावशींनी दार उघडलं, तर बाहेर एक पांढरीफटक बाई उभी होती, डोळ्यांवर काळा चष्मा.

"मी मालकीण. नळ गळतो म्हणालात ना?"

"दार उघडं आहे."

बाई जागच्या हलल्या नाहीत. "तुम्ही ‘या’ म्हणा, मग येते."

मावशी एक पाऊल मागे सरल्या. "घर तुमचं. माझी परवानगी कशाला?"

"कागदावर माझं. राहता तुम्ही. करारातच आहे, तुम्ही बोलावल्याशिवाय मला आत पाय टाकता येत नाही."

"आणि बँकेला?"

"बँकेची काय टाप आहे?"

"तुम्ही दुसऱ्या कोणाला इथे बोलावलंत तर?"

"अहो, मलाच येता येईना, मी दुसऱ्याला कुठून पाठवू?" बाई वैतागल्या. "आधीच्या भाडेकरूंनी मला बोलावलं होतं, ते बोलावणंही त्यांच्याबरोबर गेलं. आता लवकर ठरवा. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, आणि जिन्याच्या खिडकीतलं सगळं ऊन माझ्या तोंडावर येतंय."

ऊन. पिशाचाला ते सोसत नाही नि त्याची सावलीही पडत नाही, असंही आत्याच म्हणायची. मावशींनी नीट पाहिलं. बाईंच्या कपाळावर घाम होता आणि मागे भिंतीवर ठसठशीत सावली पडली होती. देवाचं नाव घेऊन त्या म्हणाल्या, "या."

नळाला नवी चकती बसवायची ठरली. चहा घेऊन बाई गेल्या, तशा मावशींनी मुलाला फोन लावला. "माहेरी कशाला पाठवायचं? आपलं घर आहे की."

"काल तर म्हणत होतीस..."

"काल काल होतं. गप्प बस आणि तिला सांग."

 मावशींनी हात पुसले, बाळाची दुपटी पिशवीत भरली आणि सून नि नातीला आणायला त्या दवाखान्यात निघाल्या.