जोड बघून फोन

रावेरच्या अलीकडे एका केळीवाल्याच्या मळ्यात मी सकाळी पोहोचलो, तर गोठ्यात नुसतं दावं लोंबत होतं. आदल्या दुपारी तिथे निमाडी बैलांची जोड उभी होती. मी तिचे दात पाहिले होते, खूर उचलून पाहिले होते, पाठीवरचे भोवरे पाहिले होते आणि मोबाईलवर फोटो काढला होता. मालकाला म्हणालो होतो, उद्या गिऱ्हाईक घेऊन येतो. आता गिऱ्हाईक माझ्या मागे मोटारसायकलवरून उतरत होतं आणि मालक डोकं खाजवत होता.

"तुमच्याच माणसाला दिली की," तो म्हणाला.

"माझा कोण माणूस?"

"पहाटे आला. त्याच्या मोबाईलमध्ये हाच फोटो होता. फोटोत खाली तुमच्या छत्रीची सावलीसुद्धा होती. म्हटलं, तुम्हीच धाडला."

मी बैलांचा दलाल. उभ्या जन्मात दुसरं काही केलं नाही आणि करायची गरजही पडली नाही. शाळेत चौथीपर्यंत गेलो. अक्षर वाचता येतं, लिहिता येतं, आणि बैलाच्या तोंडात बघून त्याचं वय सांगता येतं. एवढ्यावर घर बांधलं, मुलगा शिकवला. धुळ्यापासून रावेरपर्यंत कुठल्या गोठ्यात काय उभं आहे हे मला माहीत असतं, आणि जे मला माहीत असतं ते सौदा होईपर्यंत दुसऱ्याला माहीत नसतं. आमचा धंदा त्याच्यावरच चालतो. तिथे पहाटे येऊन माझी जोड नेणारा माणूस मालकाच्या वर्णनावरून मला लगेच ओळखू आला. जामनेरच्या बाजूचा दलाल. त्याला मी नावाने हाक मारत नाही, इथेही लिहिणार नाही. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, त्याने माझ्या हातची जोड उचलल्याची ही पहिली वेळ नव्हती.

पण याआधी मला वाटत होतं, योगायोग. आता छत्रीची सावली निघाली. म्हणजे फोटो माझाच. आणि माझा फोटो माझ्याशिवाय एकाच माणसाकडे जात होता, तो म्हणजे माझा जोडीदार.

आमचा धंदा दोघांचा आहे. आमच्या दोघांच्या मिशा काळ्या होत्या तेव्हापासून. मी बैल तोंडाकडून बघतो, तो पायाकडून बघतो. मी बोलतो, तो गप्प उभा राहून मालकाच्या बायकोचा चेहरा वाचतो. कारण जनावर खोडीचं असेल तर ते तिच्या चेहऱ्यावर आधी दिसतं. तो मला नाना म्हणतो, मी त्याला भाऊ म्हणतो. फोटो काढला की मी पहिल्यांदा त्याला पाठवायचो. आता मी विचार करू लागलो. बैलाने लाथ मारली तर ती कळते. माणसाचं तसं नसतं. माणूस दात दाखवतो तो हसायला.

मी त्याला काही बोललो नाही. फोटो पाठवणं तेवढं बंद केलं.

तरी पुढच्याच आठवड्यात शिंदखेड्याकडची एक जोड त्याच दलालाने नेली, मी म्हणणार होतो त्याच्यापेक्षा थोडासाच वरचा भाव देऊन. तिचा फोटो मी कोणालाच पाठवला नव्हता. यावर कोणी म्हणेल, मग तर जोडीदार सुटला. तसं नाही. त्या दिवशी तो माझ्या मोटारसायकलवर मागे बसलेला होता. आणि आणखी एक होतं. माझ्या फोनमध्ये अधूनमधून मी न काढलेले फोटो दिसायचे. अनोळखी गोऱ्हा, कोणाची तरी गव्हाण, एकदा तर कोणाच्या जेवणाचं ताट. मी चहाला उठलो की हा माझा फोन घेऊन चाळे करतो, असं मी मनाशी धरलं. मग तो फोनकडे बघतो कसा, हेही मी बघू लागलो. तो बघायचाच नाही. त्याने संशय आणखी वाढला. ज्याला काही लपवायचं नसतं तो माणूस एकदा तरी बघतो.

मुलगा नाशिकला असतो, कंपनीत. त्याला फोनवर एवढंच सांगितलं की माझ्या फोनमधून माल बाहेर जातो आहे.

"बाबा, तुमचा फोन बदला. आयफोन घ्या. त्यात कोणी डोकावू शकत नाही. आमच्या घरात सगळ्यांकडे तोच आहे. तुम्ही घेतलात की सगळं एकमेकांना जोडता येतं."

"सगळं म्हणजे?"

"फोटो, नंबर, सगळं. तुम्ही कुठे आहात तेही आम्हाला इथे नकाशावर दिसेल."

"म्हणजे मी बाजारात आहे का रसवंतीवर बसलोय, ते सूनबाईला नाशिकला कळणार?"

"काळजी असते म्हणून, बाबा."

डोकावू शकत नाही म्हणून जो फोन घ्यायचा, त्यातून सगळं घर माझ्याकडे बघणार. हे कसं काय, ते मी त्याला विचारलं नाही. त्याने दिलेलं उत्तर मला समजलं नसतं आणि समजलं असतं तर पटलं नसतं.

तरी जळगावला जायचं ठरवलं. फोन बघायचा तर मोठ्या दुकानात, स्वतःच्या हाताने. जोडीदाराला मुद्दाम बरोबर घेतलं. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याला मागे सोडून कसं चालेल? तो खुशीत आला. इस्त्रीचा सदरा, खांद्यावर उपरणं. एसटीत तो खिडकीला बसला आणि मी त्याच्या हातांवर लक्ष ठेवून बसलो.

दुकान थंडगार होतं. काचेच्या मागे एक पोरगी उभी होती, माझ्या नातीपेक्षा थोडी मोठी असेल. मी म्हटलं, आयफोन दाखवा. तिने हातात दिला. गुळगुळीत, वजनाला चांगला. मी पालथा केला, कडेने नख फिरवलं.

"याचं मागचं उघडतं कुठून?"

"नाही उघडत, आजोबा."

"मेमरी कार्ड?"

"यात नसतं. फोटो आत राहतात, नाहीतर वर क्लाउडवर जातात."

"वर म्हणजे कुणाकडे?"

ती हसली. मी हसलो नाही. मी कार्ड काढून खिशात घालणारा माणूस. माझा माल कुठे आहे ते मला चाचपून बघता आलं पाहिजे.

"दोन सिम?"

"एक असं घालायचं. दुसरं आतच असतं, दिसत नाही."

"जे दिसत नाही ते मी घेत नाही. बोलणं टेप होतं का?"

"होतं. पण टेप चालू केलं की समोरच्याला ऐकू येतं, रेकॉर्डिंग होतंय म्हणून."

"मग ज्याला पलटी मारायची आहे तो भाव बोलेल कशाला?"

जोडीदार शेजारी टेकून उभा होता. तो शहरातसुद्धा आमची घरचीच बोली बोलतो. तो म्हणाला, "नाना, तू फोन ली राहिना का बैल? दात बी दख एकदाव."

फोनचे दात बघायला सांगतोय हे कळून पोरगी खुदकन हसली. मग तिने मला जे विचारलं ते मात्र कामाचं होतं. "आजोबा, तुम्ही फोनवर काम काय करता? आणि ज्यांच्याशी करता त्यांच्याकडे कुठले फोन आहेत?"

मी सांगितलं. निमाडचे व्यापारी एका अ‍ॅपवर जनावरांचे व्हिडिओ टाकतात. शेतकरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. बाजारात रेंज नसते तेव्हा आम्ही फोन फोनाजवळ धरून व्हिडिओ या फोनातून त्या फोनात घेतो. तिने अ‍ॅप शोधून बघितलं. म्हणाली, हे आयफोनसाठी आलेलंच नाही. आणि फोन फोनाजवळ धरून घेणंही त्या लोकांशी नीट जमेल असं नाही, कारण त्यांचे सगळ्यांचे अँड्रॉइड.

"पहिले जोड दखानी ना भो, मंग बैल," जोडीदार म्हणाला.

खरं होतं. डाव्या अंगाला चालणारा बैल कितीही देखणा असो, तुमच्याकडचाही डाव्याच अंगाचा असेल तर दोघं मिळून औत बांधावर नेतात. मुलाच्या घरात जुंपायला हा आयफोन चांगला. माझं जू दुसरं. हे मला त्याच्या बोलण्याआधी सुचायला पाहिजे होतं. त्याने बोलून दाखवलं याचाच मला राग आला.

मग अँड्रॉइडचाच नवा घ्यायचं ठरलं. पोरगी म्हणाली, जुना द्या, आत किती भरलंय बघते. मी दिला. ती बोट वर खाली करत राहिली, मग थांबली.

"आजोबा, हे खातं तुमचं नाही का?"

तिने स्क्रीन माझ्यापुढे धरली. वर इंग्रजी अक्षरं. मी जुळवून वाचली. ज्या दुकानातून आम्ही तालुक्याला फोन घेतला होता, त्या दुकानाचं नाव.

"दुकानदाराने स्वतःच्याच खात्यावर फोन चालू करून दिलाय. असे अजून कोणाचे केले असतील तर त्या सगळ्यांचे फोटो एकाच ठिकाणी जमा होतात. तुम्ही फोटो काढला की त्यांना दिसतो, कुठे काढला तेही. त्यांनी काढला की तुम्हाला. हे बघा, हे सगळे तुम्ही काढलेत का?"

ती सरकवत गेली. तो गोऱ्हा. ती गव्हाण. ते ताट. मग एक फोटो आला, त्यात आरशापुढे उभा राहून नवा सदरा दाखवणारा माणूस. जामनेरच्या बाजूचा तो दलाल.

मग जोडीदाराला हसू आलं. ते इतकं वाढलं की त्याला काचेला धरावं लागलं.

"म्हंजे त्याना बैल बी तुना फोनमा व्हतात! तो तुना दखी दखी ली ग्या, आन तू त्याना ताट दखी राहिनता!"

दुकानातली दोन माणसं वळून बघायला लागली. मी म्हटलं, "हळू बोल."

तो डोळे पुसत होता. पुसता पुसता हात थांबला. हसू गेलं. त्याने माझ्याकडे नीट बघितलं, बैलाच्या पायाकडे बघतो तसं, खालून वर.

"म्हनीसन तू माले फोटो धाडनं बंद करी दिधं व्हतं का?"

"रेंज नव्हती."

"दोन महिना रेंज नव्हती?"

मी पोरीला म्हणालो, पुढचं करा. मनात म्हटलं, फोटो कसा गेला ते कळलं. पण शिंदखेड्याच्या मालकाला मी किती भाव म्हणणार होतो, ते त्या दलालाला कसं कळलं? ते तर फोटोत नव्हतं. ही गाठ माझी अजूनही सुटलेली नाही. मी ती सुटली असं लिहिणार नाही.

नव्या फोनवर माझ्या नावाचं खातं उघडायचं ठरलं. पासवर्ड मी ठेवला, पोरीला तोंड फिरवायला लावून. मग ती म्हणाली, "आता दुसऱ्या कोणाचा तरी नंबर द्या. तुम्ही पासवर्ड विसरलात किंवा फोन हरवला, तर त्या नंबरवर आकडे येतील आणि खातं परत उघडेल. विश्वासातला माणूस सांगा."

"नसला तर?"

"कोणीतरी असेलच ना, आजोबा."

मुलाचा द्यावा तर नकाशा आठवला. आणि त्याचा नंबर मला पाठही नाही. नाव दाबलं की लागतो. पाठ असलेला नंबर एकच होता. बाजारात, एसटी स्टँडवर, दवाखान्यात, दुसऱ्यांच्या फोनवरून मी तोच लावत आलो होतो. नंबरवाला दाराकडे तोंड करून रस्त्यावरच्या रिक्षा बघत होता. रिक्षांमध्ये बघण्यासारखं काही नव्हतं.

मी नंबर सांगितला. एक आकडासुद्धा अडखळला नाही.

त्याच्या खिशात टुण झालं. त्याने फोन काढून हात लांब करून वाचला. पोरगी म्हणाली, "काय आकडे आलेत, काका?"

आजूबाजूला माणसं होती. त्याने उपरणं काढून आपल्या आणि माझ्या हातावर टाकलं आणि खाली माझी बोटं धरली. बाजारात भाव असाच सांगतात, तोंडाने नाही. चार बोटं दाबली की चार, मूठ दाबली की पाच. ती पोरगी डोळे मोठे करून बघत राहिली. मी आकडे तिला एकेक सांगत गेलो. फोनने ते नाकारले.

"आकडा चुकला," ती म्हणाली.

चूक त्याची नव्हती, माझीही नव्हती. त्या आकड्यांत शून्य होतं. आमच्या बोटांत शून्य नाही. पाच आणि पन्नास आम्ही एकाच मुठीने सांगतो, कारण पुढे किती शून्यं ते बैल बघूनच कळतं. त्याने शून्यासाठी नुसता माझा तळहात चोळला होता आणि मी समजलो, तो म्हणतोय सौदा झाला.

पोरीने आकडे पुन्हा मागवले. पुन्हा टुण झालं. या खेपेला त्याने उपरणं टाकलं नाही. फोन उघडाच्या उघडा माझ्या हातात दिला.

"ले. तूच वाच."

फोन माझ्या हातात होता. वर नवे आकडे, खाली बाकीच्यांचे निरोप, एकाखाली एक. अंगठ्याने जरासं सरकवलं असतं की त्या दलालाचं नाव तिथे आहे की नाही ते दिसलं असतं. दोन महिने मला जे बघायचं होतं ते सगळं तळहातावर. पोरगी नव्या फोनकडे बघत होती. जोडीदार पुन्हा दाराकडे तोंड करून उभा होता, पाठ माझ्याकडे करून, जरा जास्तच वेळ.

मी आकडे वाचले. शून्य मोठ्याने सांगितलं. फोन पालथा केला आणि त्याच्या सदऱ्याच्या खिशात माझ्या हाताने घातला.

"दखी लिधं का बठ्ठं?" सगळं बघून घेतलं का, असं त्याने न वळता विचारलं.

"चष्मा घर राही ग्या."

"मंग आकडा कसा वाचात?"

मी जुन्या फोनचं कार्ड काढून पाकिटात घातलं आणि बाहेर पडलो. परतीच्या एसटीत खिडकीची जागा त्याने मला दिली.