ताईच्या डब्यातले दात

थांबा, हे आत्ताच सांगतो, नाहीतर मले जेवण जाणार नाही! अख्ख्या नागपुरात माझ्या चुलत ताईसारखी बाई दुसरी नाही. दुनिया डोळ्यात पाहून प्रेमात पडते, ही डोळ्यात पाहून म्हणते, "पापणी नको मिटू न बे!"

ताई डोळ्याच्या आतल्या पडद्याचे फोटो काढते, जित्या डोळ्याचे. एकेक पेशी वेगळी दिसते, आणि उजेडाचा ठिपका पडला की ती पेशी जराशी लांब होते. जराशी म्हणजे केसाच्या जाडीचा हजारावा भाग समजा! ते मोजायचं तर डोकं हलून चालत नाही, म्हणून ती सगळ्यांच्या दातांचे मेणाचे साचे घेते. तिच्या लॅबमधल्या मशीनसमोर आपापला साचा चावून बसायचं. घरच्या फराळाच्या डब्यात आता पूर्ण खानदानाचे दात आहेत, नावाच्या चिठ्ठ्या लावून. ताईले पाहायला आलेल्या मुलाले तिनं आधी पोहे दिले, मग मेण दिलं. "चावा." गडी पुन्हा फिरकला नाही. ताई म्हणे, "जाऊ दे गा, साचा झकास आला."

साचा नव्हता तो एकाच माणसाचा, मोठेबाबांचा. म्हणजे तिच्या सख्ख्या बापाचा. हिंगण्याच्या कारखान्यात फिटर होते, बोलायला लागले तर बस निघून जाये. त्यांचा पडदा हळूहळू मरत गेला, आता ताईचा चेहराही दिसत नाही. तीन वर्षं ती मागे लागली होती. ते एकच म्हणत, "मेल्याचे फोटो काहून काढून राहिली वं?" खरं तर भीत होते. तीही भीत होती.

मागच्या रविवारी त्यांनी चकल्या समजून त्या डब्यात हात घातला. मी हसून लोटपोट! ते मात्र एकेक साचा चाचपत बसले. "यातला माझा कोणता?"

"तुमचा नाही बाबा," ताई म्हणाली.

त्यांनी हातातला साचा डब्यात परत ठेवला. मग म्हणाले, "आण मेण."

मशीनसमोर ते साचा चावून बसले. जन्मात पहिल्यांदा तोंड बंद! सगळ्या जगावर खेकसणारी ताई त्या दिवशी एकदाही खेकसली नाही.

दुसऱ्या दिवशी हिशोब लावून तिनं फोटो उघडला. मधोमध काहीच नाही. पण एका कडेला मोजक्या पेशी, आणि उजेड पडला की त्या लांब होत होत्या!

"बाबा, जित्या हायेत."

"मले तं काही दिसून नाही राहिलं."

"माहीत आहे. इलाजही नाही माझ्याजवळ. पण त्या उत्तर देऊन राहिल्या."

"कुठं हायेत?"

ताईनं त्यांचा तळहात घेतला आणि बोटानं एकेक ठिपका ठेवत गेली. इथं एक. इथं दोन. शेवटी त्यांनी मूठ मिटून घेतली, आणि जेवतानाही लवकर उघडली नाही.

मी आपला नाक पुसत बसलो. तुमच्या घरी झालं का हो कधी असं? सांगा न!