मागच्या दाराने नेलेली चानपेंग

खाम्पनचं शवपेट्यांचं दुकान आमच्या थासाक गावात, नदीकाठच्या गल्लीत होतं. पुढे दुकान, मागे घर, आणि घरामागे मेकाँगच्या पात्राकडे उतरणाऱ्या पायऱ्या. समोर माझं सायकलदुरुस्तीचं दुकान. अवेळी त्याच्या रंध्याचा आवाज आला, की मी हातातलं चाक खाली ठेवायचो आणि कोण गेलं ते विचारायला जायचो.

पेटी तो करायचा. तिच्यावर सोनेरी कागदाची वेलबुट्टी त्याची बायको चानपेंग चिकटवायची. माणूस तोंडाचा फटकळ. रडत आलेल्यालाही म्हणायचा, "आधी उंची सांग, मग रड." पण मयताच्या घरी तोच सगळ्यात जास्त बसायचा. रात्रभर पत्ते खेळायचा, जागणाऱ्यांना हसवायचा. गल्लीत कोणी गेलं, की प्रत्येक घरातून चिकट भाताची टोपली आणि कोणी ना कोणी माणूस तिकडे जायचंच.

मग बँकॉकहून नून नावाची मुलगी आली. माझ्या शेजारचं तांदळाचं जुनं कोठार घेऊन तिने कॉफीचं दुकान काढलं. पोरगी वाईट नव्हती. हात जोडून बोलायची, काका म्हणायची. तिच्या मागोमाग दुसरे आले. लाकडी घरांना रंग लागले, दारात कंदील आले. पहाटे भिक्खूंना भात वाढतानाचे फोटो काढून घ्यायला पाहुण्यांची रांग लागायला लागली. आमच्याच लोकांनी घरं भाड्याने दिली आणि स्वतः हमरस्त्याकडच्या पत्र्याच्या खोल्यांत राहायला गेले. मीही पंक्चर काढणं सोडून सायकली भाड्याने द्यायला लागलो.

एक दिवस नून खाम्पनकडे गेली. "काका, रागावू नका. माझी गिऱ्हाइकं खिडकीत बसतात आणि समोर या पेट्या दिसतात. एखादा पडदा लावाल का?"

"कुणाला लावू? पेट्यांना की तुझ्या गिऱ्हाइकांना?"

चानपेंग खळखळून हसली आणि तिनेच पडदा शिवून लावला. पुढे गल्लीची समिती झाली. समितीने सांगितलं, दुपारनंतर ठोकाठोक नको. त्याने ऐकलं. मग म्हणाले, पाटी काढा. त्याने पाटीही उतरवली.

त्या थंडीत, नव्या वर्षाच्या सुट्ट्यांच्या तोंडावर, चानपेंग नदीच्या पायऱ्यांवर कपडे धुता धुता कोसळली. आम्ही वर आणेपर्यंत सगळं संपलं होतं. खाम्पनने तिला पुढच्या खोलीत निजवलं, पडदा ओढून काढला आणि रंधा हातात घेतला. दुपार कधीच टळली होती.

संध्याकाळी समितीची प्रनोम आली. लहानपणापासून त्याच गल्लीत वाढलेली. आता तिच्या घरात पाहुण्यांच्या खोल्या होत्या. तिने रीतीप्रमाणे निरोपाचं पाणी चानपेंगच्या हातावर घातलं, डोळे पुसले आणि तिथेच बसून राहिली.

"दादा, वहिनीला देवळाच्या मंडपात नेऊ या. तिथे जागा मोठी आहे, भिक्खूंनाही सोयीचं."

"तुझ्या आईला का नाही नेलं मंडपात? इथेच गल्लीत ठेवली होती ना तिला, तुमच्या पुढच्या खोलीत? हीच तुमच्याकडे भात शिजवत होती."

"तेव्हाचं वेगळं होतं. तेव्हा गल्लीत माणसं राहत होती."

"आणि आता?"

"आता पाहुणे राहतात, दादा. सगळ्यांच्या खोल्या भरल्यात. उद्या दारात प्रेत दिसलं तर लोक निघून जातील. वर्षाची कमाई या आठवड्यावर असते, तुला का माहीत नाही?"

मला वाटलं, हा आता रंधा फेकून मारतो. खाम्पनने माझ्याकडे पाहिलं. माझ्या सगळ्या सायकली दुसऱ्या दिवसासाठी ठरलेल्या होत्या. मी मान खाली घातली.

"गाडी मागे लावा," तो म्हणाला. "पुढून नेली तर कुणाचा तरी फोटो बिघडेल."

चानपेंगला मागच्या दाराने काढलं. खाली काठच्या कच्च्या रस्त्यावर गाडी उभी होती, पण तिथवर उतरणारी पायऱ्यांची वाट अरुंद. पेटी वळेना, म्हणून आम्ही ती एका अंगावर कलती केली. आत तिचं डोकं फळीवर आपटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. खाम्पन एवढंच म्हणाला, "हळू."

मंडपात भिक्खूंच्या पठणाला खुर्च्या मांडल्या होत्या. बहुतेक रिकाम्याच राहिल्या. ज्याचा त्याचा धंदा जोरात होता. नून मात्र दुकान बंद करून आली आणि शेवटपर्यंत बसली. खाम्पनने तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.

उन्हाळ्यात त्याने घर भाड्याने दिलं आणि हमरस्त्यावर टायरच्या दुकानाशेजारी शेड टाकली. तिथे मोठी पाटी लावली. गल्लीत पुन्हा पाऊल टाकलं नाही.

पावसाळ्यात प्रनोमचा नवरा गेला. तिच्या घरात पाहुणे होते, त्यामुळे तिनेही त्याला मंडपातच नेलं. पेटी न्यायला मीच तिच्याबरोबर गेलो. खाम्पनने उंची विचारली, पेटी केली, गाडीत चढवायला हात दिला.

"दादा, संध्याकाळी पठणाला येशील ना?"

"काम आहे."

"एवढ्या वेळी तरी ये. त्यांचा तुझ्यावर फार जीव होता."

"काम आहे म्हटलं ना."

आमच्याकडे मयताला बोलावल्यावर नाही म्हणत नाहीत. संध्याकाळी मंडपाकडे जाताना मी त्याच्या शेडवरून गेलो. शेडमध्ये एकही फळी कापायला घेतलेली नव्हती. तो दारात खुर्ची टाकून रस्त्यावरचे ट्रक बघत बसला होता. मी थांबलो, हाक मारली. त्याने खुर्ची उचलली आणि आत गेला.