चाचांच्या जिभेवरचं मीठ

महेबूबचाचांच्या रेहानाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसलो होतो. "काका, अब्बा गेले," एवढंच ती नांदेडहून म्हणाली. जुडी तशीच हातात राहिली. दीड महिना झाला त्याला. भेटेल तो म्हणतो, वय झालं होतं, सुटले बिचारे. मला तसं म्हणवत नाही. का म्हणवत नाही, ते एकदाचं लिहून टाकतो.

महेबूबचाचा औशाचे रंगारी. सुती लुगडी, पटके रंगवून द्यायचे. लातूर नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं, मी तिथल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला नवा लागलो होतो, आणि पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. चाचांच्या गल्लीत पाणी असलेली एकच विहीर उरली होती. रंगाचं सांडपाणी झिरपून तिचंही पाणी लालसर यायला लागलं. गल्ली चिडली, पोळ्याच्या आत रंगकाम बंद करा म्हणाली. चाचा म्हणायचे, त्यांचं खरं हाय, पण मी दुसरं काय करू? मी मुखेडकडचा. आमच्या वस्तीच्या बायांनी विहिरीला हात लावायचा नाही, कुणी वरून ओतेल तेव्हा घ्यायचं, हे माझ्या आईनं भोगलेलं. पाण्यावरून आणखी एक घर तुटताना मला बघवेना. महिनाभर द्या, पाणी नितळ करून देतो, असं मी छातीठोक सांगून बसलो.

तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, आमच्याकडे ढिगानं. काडी काय, कापूस काय, कडबा काय, मुळात सगळं सेल्युलोजच. तुराट्यांचा नुसता भुसा रंग फारसा धरत नाही; पण त्यात लिंबूसत मुरवून तापवलं की त्याला रंग ओढून घ्यायची सवय लागते. प्रयोगशाळेत मी बाटलीतला निळा रंग शुद्ध पाण्यात कालवून त्या भुशावर ओतला, खाली काचेसारखं पाणी. मग काय, स्वारी भुशानं भरलेलं पिंप घेऊन औशाला! सगळी गल्ली गोळा झाली. वरून लाल ओतलं... खालूनही लालच आलं. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच. लोक हसले, मी पिंपाआड तोंड लपवलं. चाचा तेवढे हसले नाहीत. त्यांनी पितळी वाटीत ते पाणी धरलं, बोट बुडवून जिभेला लावलं.

"सर, हे पाणी कधी चाखलं का? मीठ हाय ह्याच्यात. कापसाला रंग बसावा म्हणून मुठीनं टाकतो आम्ही."

मी वर्गात खडूनं सगळं मांडलं होतं, त्यांच्या हौदाशी मात्र कधी उभा राहिलो नव्हतो. त्यांचे रंग माझ्या बाटलीतल्या रंगाहून वेगळ्या जातीचे. माझा लिंबूसताचा भुसा त्यांना उलट दूर लोटत होता. मी दुसरं रसायन वापरून भुशाचा स्वभाव उलटा केला. आता रंग धरायला लागला, पण पाणी खारट असलं की पुन्हा सुटायचा. वाट चाचांनी काढली. पहिलं खारट पाणी बाजूला ठेवायचं, पुढच्या रंगाला वापरायचं. नंतर कापड धुतलेलं पाणी तेवढं पिंपात. कुठलं पाणी कुठं जाणार, हे ते चाखून सांगायचे. फरक दिसायला लागला तशी गल्लीनं मुदत वाढवली; चार महिन्यांत विहीर निवळली. गल्लीतल्या एका म्हातारीनं स्वतः तांब्या भरून चाचांना दिला, आणि चाचांनी तो आधी माझ्या हातात ठेवला. रंगकाम टिकलं.

आता जे सांगायचंय ते. खारटपणा मोजायचं यंत्र आमच्या कॉलेजात होतं, कपाटात कुलूपबंद. अर्ज केला असता तर मिळालं असतं. मी केला नाही. चाचांची जीभ यंत्राहून बिनचूक, असं मी कौतुकानं सांगत फिरायचो. लहानपणापासून ते चाखत होते, कबूल. पण क्वचित. पिंप चाललं ती दोन वर्षं मात्र दिवसातून दहा-दहा वेळा, माझ्या पिंपासाठी... ते रंग पोटात जाऊ नयेत, हे मला कळायला हवं होतं. मीच तर रसायनाचा मास्तर!

शेवटचा भेटलो तो नांदेडच्या दवाखान्यात. मूत्राशयाचा कर्करोग. डॉक्टरांनी विचारलं, बाबा, काम काय करत होता? रंगाचं, म्हणाले. रंग कधी तोंडात जायचा का? मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. चाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि डॉक्टरांना सांगितलं, "न्हाई साहेब. हातानंच काम सगळं."

डॉक्टरांनी तसंच लिहून घेतलं. मी बोलू शकलो असतो. बोललो नाही. रंगानंच झालं असं कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण मी गप्प राहिलो ते त्यासाठी नाही. लाज वाटली म्हणून.

चाळिसाव्यानंतर रेहानानं ती पितळी वाटी माझ्याकडे दिली. अब्बांनी सांगून ठेवलं होतं म्हणाली, सरांना द्या. काठाला अजून लाल रेघ आहे, चिंचेनंही जात नाही. काल तीत नळाचं पाणी घेतलं, स्वच्छ, नितळ. बोट बुडवलं आणि तसाच बसून राहिलो. जिभेपर्यंत हात गेला नाही.